तीन मीटरचं खोटं

मी पट्टी बोलतेय. पट्टी म्हटल्यावर तुम्हाला शाळेच्या दप्तरातली फूटपट्टी आठवली असेल तर ती आधी बाजूला ठेवा. मी चांगली चार मीटर उंच होते. अ‍ॅल्युमिनियमचे तीन तुकडे, एकाच्या पोटात एक बसणारे, आणि अंगभर काळ्या-तांबड्या खुणा नि आकडे. जमीन कुठे उंच, कुठे सखल हे मोजायला इंजिनिअर लोक जी उभी करतात ना, ती मी. महाडच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मला 'स्टाफ' म्हणत. गावोगावची माणसं मात्र पट्टीच म्हणायची.

आता माझा पहिला तुकडा तेवढा उरलाय. बाकीचे दोन कुठे गेले ते सांगेनच. पण आधी मला लेव्हलबद्दल बोलू द्या, नाहीतर माझा घास खाली उतरायचा नाही.

लेव्हल म्हणजे ती तिपाईवर बसणारी दुर्बीण. आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून कार्यालयात आलो. जावा-जावाच म्हणा. तिला मिळाली पिवळीधमक पेटी, आत तिच्या अंगाच्या मापाचा कापलेला मऊ स्पंज. मला मिळाली एक कापडी पिशवी. खलाशी मुरारीने आठवड्याच्या आत ती सुकट आणायला बाजारात नेली. त्यानंतर ती पिशवी मी पाहिली नाही.

खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे हो. मोजणीला इंजिनिअरबरोबर फिरायचं, खुंट्या ठोकायच्या, पट्टी धरून उभं राहायचं, अशी ज्याची सरकारी नोकरी असते त्यालाही खलाशीच म्हणतात. मुरारीची त्यात तीस वर्षं झाली होती. हात खरबरीत, पण मला कधी वाकडी धरली नाही त्याने.

आणि आमची इंजिनिअर होती अमिता. बिरवाडीची पोर, वडील कारखान्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागली. पहिल्या दिवशी तिने पेटी उघडली, लेव्हल बाहेर काढली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकाने तिची काच पुसली. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्यावर तिने ओढणी टांगली. तेव्हापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं ते विझलंच नाही.

काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे अन्याय किती होता ते कळेल. लेव्हल सावलीत तिपाईवर बसणार. मला मुरारी दूर नेऊन चिखलात, काट्यांत, गटारात उभी करणार. अमिता लेव्हलला डोळा लावणार आणि लेव्हलची आडवी नजर माझ्यावर जिथे पडेल तो आकडा वहीत लिहिणार. मग मी पुढे जायचं, पुन्हा आकडा. दोन आकड्यांतल्या फरकावरून जमीन किती चढली, किती उतरली ते निघतं. आकडे माझ्या अंगावरचे, नाव मात्र 'लेव्हल घेतली'. 'पट्टी घेतली' असं म्हटलेलं तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंय?

महाडला सावित्रीच्या पुराची रेघ नोंदवायला गेलो तेव्हा दुकानदारांनी अमिताला चहा पाजला, लेव्हलवर छत्री धरली, आणि मला भिंतीला लावून वर हात दाखवला, "इथवर आलं होतं पाणी." पाचाडला टाकीच्या जागेसाठी गेलो. तिथून हिरकणीवाडीला गेलो, तर रोपवेला आलेल्या पाहुण्यांनी लेव्हलशेजारी उभं राहून फोटो काढले. माझ्याजवळ एक बाई आली खरी. तिने मुरारीला विचारलं, "या दांडीने आंबे काढता का?"

असं होतं सगळं. अमिता भर उन्हात त्या काचेला डोळा लावून बसायची आणि मी दूर उभी राहून मनात म्हणायचे, एकदा तरी इकडे बघ गं, मीही आहे.

मग खडपवाडीचं काम आलं.

खडपवाडी पोलादपूरच्या बाजूला, डोंगराच्या सोंडेवर. गाडी पायथ्याशी थांबते, पुढे तासभर चढण. एकोणीस घरं, त्यांतली निम्मी पुरुषमंडळी मुंबईला. पाणी समोरच्या डोंगरात, एका झऱ्याला. मधे खोल वहाळ, म्हणजे ओढ्याची घळ. बायका हंडे घेऊन वहाळात उतरायच्या, समोरचा चढ चढायच्या, पाणी भरून पुन्हा तेच. सगळ्यांत वरचं घर ठकूबाईचं. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, मुलगा अनिल मुंबईला. तिने आम्हाला कोरा चहा दिला आणि अमिताला म्हणाली, "सावकाश पी हां बाय. त्या कपाला दीड तास लागलाय."

अमिता हसली नाही. कप दोन्ही हातांत धरून तिने शेवटचा थेंबही प्यायला.

तिच्या डोक्यात एक बेत होता. झऱ्यापासून पाइप टाकायचा, तो वहाळात उतरवायचा आणि अलीकडे वर चढवून ठकूबाईच्या घरामागच्या उंचवट्यावर टाकीत सोडायचा. मोटार नको, वीज नको. झरा टाकीपेक्षा उंच असेल तर पाणी आपल्या पायांनी येणार. प्रश्न एवढाच होता की झरा उंच आहे का. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. ते आम्ही सांगायचं होतं.

पहिल्या दिवशी टाकीच्या जागेपासून मोजत मोजत आम्ही वहाळात उतरलो. तळाशी खुंटी ठोकली. इथपर्यंत मी आरशासारखी खरी होते, देवाशप्पथ. मग मुरारी मला घेऊन वहाळ ओलांडायला लागला. शेवाळलेला दगड. त्याचा पाय घसरला आणि सगळा भार त्याने माझ्यावर टाकला. माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या सांध्यात एक खटका असतो, तो 'कट्' करून मोडला. दुसरा तुकडा पहिल्याच्या पोटात दहा सेंटिमीटर खाली सरकला.

मुरारीने मला हलवून पाहिलं. खुळखुळत होते. त्याने पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, सांध्यावर चार वेढे घातले आणि करकचून आवळले. गावाकडे मोडक्या खुरपीपासून फुटक्या पाइपापर्यंत सगळं ट्यूबनेच बांधतात. त्याने मला प्रेमानेच बांधलं. पण जिथे सरकले होते तिथेच बांधलं, आणि माझे पोटात गेलेले आकडे त्या काळ्या ट्यूबखाली झाकले गेले.

दुसऱ्या दिवशी अमिताने विचारलं, "हे काय बांधलंय, मुरारीकाका?"

"खुळखुळत होती मॅडम. आता नाय हलायची."

"बरं," ती म्हणाली आणि लेव्हलची काच पुसायला लागली.

आता नीट ऐका. चढ मोजताना मी खालच्या बाजूला उभी असले की लेव्हलची नजर माझ्या डोक्याशी लागते, वरच्या तुकड्यांवर. मी वर चढून उभी राहिले की ती पायाशी लागते, पहिल्या तुकड्यावर. पायाशी मी खरी होते. डोक्याशी प्रत्येक वेळी दहा सेंटिमीटर जास्त सांगत होते. झऱ्यापर्यंत तीस वेळा लेव्हल मांडली. तीस वेळा दहा सेंटिमीटर, म्हणजे तीन मीटर.

अमिता कामाला चोख. तिसऱ्या दिवशी तिने झऱ्यापासून परत खुंटीपर्यंत सगळं पुन्हा मोजलं, पडताळा म्हणून. पण उतरताना माझं तेच खोटं उलटं लागलं. चढताना तीन मीटर जास्त, उतरताना तीन मीटर जास्त, खुंटीवर आलो तर फरक शून्य. फिट्टंफाट! असा शून्य पाहिला की इंजिनिअरचा ऊर भरून येतो. अमिताने जागेवरच हिशेब केला, झरा टाकीच्या तळापेक्षा सव्वादोन मीटर उंच. ती धावत वाडीत चढली आणि म्हणाली, "ठकूमावशी, जमलं! तुमच्या दारात नळ येणार."

"माझ्या? एवढ्या वर?"

"सगळ्यांत आधी तुमच्या."

आणि मग तिने काय केलं असेल? लेव्हलवर थाप मारली. म्हणाली, "गुणाची आहेस."

मला ठाऊक होतं का, विचाराल. पहिल्या नजरेलाच ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं हे खरं, पण असतं तरी त्या क्षणी मी उघडलं नसतं. म्हटलं, गुणाची ना? बघू किती गुणाची ते.

एप्रिलात टाकी बांधून झाली, पाइप टाकून झाला. ठकूबाईच्या दारात सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर चकचकीत नळ. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ आणून ठेवला. मलाही नेलं होतं, काही मोजायचं निघालं तर म्हणून. मुरारीने समोर जाऊन झऱ्याकडचा व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून हवा सूं सूं करत बाहेर आली. सगळी वाडी टाकीभोवती कान देऊन उभी. मग सूंसूं थांबली आणि काहीच झालं नाही.

अमिताने टाकीखालचा एक जोड सोडून पाहिला. टाकीच्या तळापासून दीड हात खाली पाणी आलं होतं आणि तिथे उभं होतं. वर यायचं नाव नाही.

ठकूबाईने नारळ पदराखाली घेतला. "दमलं आसंल," एवढंच म्हणाली.

कार्यालयात मोठ्या साहेबांनी फाईल पाहिली. "पडताळा शून्य आहे, म्हणजे मोजणी बरोबर. मग यंत्रात दोष. लेव्हल पुण्याला तपासणीला पाठवा."

काय सांगू तुम्हाला! पिवळ्या पेटीवर सुतळी आवळली, चिठ्ठी चिकटवली, 'सदोष, तपासणीसाठी'. मी कोपऱ्यातून ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. तीन आठवडे खोलीत मी एकटी. असलं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

पण ते सुख मला पचलं नाही. अमिता रोज ती वही काढायची आणि सगळे आकडे पुन्हा मांडायची. डबा तसाच परत न्यायची. वाडीतून ठकूबाईच्या शेजारणीचा, सारिकाचा फोन यायचा, आणि अमिता नुसतं "बघतेय, बघतेय" म्हणायची. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. हेवा वाटायला आता तिथे कुणी नव्हतं, तरी पाहिलं नाही. मग कळलं, माझ्यावर तिला संशयच नव्हता. चार मीटरची सरळ दांडी, ती काय खोटं बोलणार?

पुण्याहून लेव्हल परत आली. 'यंत्र निर्दोष'. मोठे साहेब म्हणाले, "मग योजना अयशस्वी असा शेरा मारून बंद करू. वाडीला उन्हाळ्यात टँकर पायथ्यापर्यंत देता येईल." पायथ्यापर्यंत! म्हणजे बायकांनी तासभराची चढण हंडे घेऊन चढायची.

"मला एकदा परत मोजू द्या," अमिता म्हणाली. "एकदाच."

मे महिन्यात पुन्हा वहाळात उतरलो. ठकूबाई काठी टेकत आमच्या मागोमाग आली. अमिताने लेव्हल मांडली, मुरारी मला घेऊन खुंटीवर उभा राहिला. ठकूबाई म्हणाली, "बाय, मला बघू दे गो यातनं. एवढं दिवस डोला लावून बसतेस, काय दिसतंय तरी काय?"

अमिता बाजूला झाली. ठकूबाईने एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"यात तं ही पट्टीच दिसते. दुसरं काय नाय."

"तेवढंच बघायचं असतं, मावशी. मी दिवसभर पट्टीच बघते."

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एवढी वर्षं ज्या काचेवर मी जळले, त्या काचेतून ही पोर माझ्याशिवाय काहीच बघत नव्हती. मी सांगेन तो आकडा तिने खरा मानला. आणि मी तिला तीस वेळा फसवलं होतं.

मुरारीला पुढची खुंटी शोधायला जायचं होतं. ठकूबाई म्हणाली, "आण, मी धरते." तिने मला दोन्ही हातांनी धरलं, अंगठा बरोबर सांध्याच्या काठावर. चार महिने उन्हात पडून ती ट्यूब वाळली होती, चिरा पडल्या होत्या. वाऱ्याने मी जरा हलले, ट्यूब तुटून पडली आणि माझा वरचा तुकडा सर्रकन खाली आला तो तिच्या अंगठ्यावर.

"आई गं! ही खाली बसते गो बाय! आंगठा चेमटला माझा!"

अमिता धावत आली. आधी तिने अंगठा पाहिला, मग मला. हातात घेतलं, दुसरा तुकडा पूर्ण वर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. ट्यूब जिथे होती तिथे उन्हाने न रापलेला स्वच्छ पट्टा राहिला होता. त्या पट्ट्याशी तिने तुकडा जुळवला आणि गिळलेले आकडे बोटाने मोजले. दहा सेंटिमीटर. ती तिथेच दगडावर बसली आणि वहीच्या पाठीवर हिशेब केला. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला डोळे भरून पाहिलं. एवढी वर्षं मी जे मागत होते ते मला असं मिळालं.

"मुरारीकाका, ही कधी मोडली?"

मुरारीच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. तो पायाने माती उकरत राहिला. "ह्याच वहालात, मॅडम. पाय सरकला, हिच्यावर जोर दिला. मला वाटलं, खुळखुळते तेवढंच."

"मला ट्यूब दिसत होती काका. सोडून बघायला हवी होती, ती मी बघितली नाही."

वाडीत जाऊन तिने सगळ्यांसमोर तसंच सांगितलं. "चूक मोजणीत झाली आणि मोजणी माझी. झरा टाकीपेक्षा पाऊण मीटर खाली आहे. टाकी तीन मीटर खाली घेतली तर अठरा घरांना पाणी मिळेल." ठकूबाईचं घर त्या अठरांत नव्हतं.

मीच खरं बोलले असते तर टाकी पहिल्यापासूनच खाली झाली असती. ठकूबाईला नळ तेव्हाही मिळाला नसता. पण तिला कुणी शब्द तरी दिला नसता, आणि तिने नारळ आणला नसता.

"तुमच्यापुरती छोटी मोटार बसवता येईल," अमिता म्हणाली.

"एका घराला मोटार? आन लाइट गेली का परत हंडाच ना? राहू दे. खालीच बांध गो." ठकूबाईने अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. "झऱ्यापरास तं जवलच हाय."

पाऊस लागायच्या आत टाकी तीन मीटर खाली उभी राहिली. या खेपेला पाणी सूंसूं करत आलं आणि टाकीत धबाधबा पडलं. अठरा घरांत नळ सुटले. ठकूबाईच्या दारातला नळ कोरडाच राहिला. ती त्याला शेळी बांधते.

माझं काय झालं? निर्लेखन. मोडीत काढलं की सरकारी कागदात असं लिहितात. कार्यालयात नवी पट्टी आली, करकरीत, आणि लेव्हल तिच्याबरोबर निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही भवानीने. मुरारी निवृत्त होताना माझा तिसरा तुकडा मागून घेऊन गेला. त्याच्या परसात त्यावर पडवळाचा वेल चढलाय म्हणे. दुसऱ्या तुकड्याला ठकूबाईने आकडी बांधली आणि त्याने ती फणस काढते. पहिला तुकडा, जो कधीच खोटं बोलला नव्हता, तो अमिताने टाकीच्या बाहेरच्या भिंतीला चार स्क्रूंनी बसवला, शेजारी एक पारदर्शक नळी. नळीत पाणी कितीवर आहे ते माझ्यावर वाचायचं. सकाळी ठकूबाई येते, माझ्यावरचा आकडा बघते आणि खाली वाडीकडे ओरडते, "आज कमी हाय गो, कापडं उद्या धुवा!" सगळी वाडी तिचं ऐकते. आता मला त्या नळीतल्या पाण्याचा हेवा वाटतो. बघायचं असतं ते पाणी, मी नुसती शेजारीण. स्वभावाला औषध नाही.

तुमच्यापैकी कुणी मोजणीच्या कामात असेल तर एवढं ऐका. यंत्राची काच पुसा, खुशाल पुसा. पण लांब उभी राहणारी जी कुणी असेल, तिचा सांधा रोज सकाळी एकदा ओढून बघा. कुणी काही बांधलं असेल तर सोडून बघा.

अमिता आता मोठी साहेब झालीय. तिच्या हाताखाली चार तालुक्यांच्या योजना आहेत. तरी दर एप्रिलात ती खडपवाडीला येते. बरोबर प्रितम नावाचा नवा इंजिनिअर असतो, त्याच्या हातात उपग्रहाला विचारून उंची सांगणारं यंत्र. त्याला ना लेव्हल लागते ना पट्टी. मी त्याच्याकडे बघत नाही.

अमिता आधी माझ्यापाशी वाकते आणि आकडा वहीत लिहून घेते. मग ठकूबाईचा हंडा उचलते, टाकीच्या नळाखाली भरते आणि डोक्यावर घेते. प्रितम धावतो, "मॅडम, मॅडम, द्या इकडे!" ती देत नाही. टाकीपासून ठकूबाईच्या दारापर्यंत वीस पायऱ्या आहेत. एकेक करत ती चढते.

"कशाला गो, दर खेपेला?" ठकूबाई वरून म्हणते.

"एवढं माझ्याकडे राहिलंय, मावशी."

त्या हंड्याचा मला जितका हेवा वाटतो तितका लेव्हलचाही कधी वाटला नाही. पण वीस पायऱ्या म्हणजे तीन मीटर, हे तिथे तिला आणि मलाच ठाऊक असतं. वर पोचून ती दारात हंडा उतरवते, कमरेवर हात ठेवून दम खाते आणि एकदा खाली माझ्याकडे बघते. अशा वेळी मान खाली घालावीशी वाटते, पण सरळ उभं राहण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.